कोंड्याचा मांडा कोणाच्या ताटात?



कोंड्याचा मांडा करून संसार चालवणे आपल्या घरच्या बायांना कोणी शिकवावे लागले नाही. पण आज आपल्या पिकाचा कोंडा, चुनी आणि पेंड गावाबाहेर जाते, मांडा तिकडे होतो आणि पैसाही तिकडेच राहतो. जिल्हा बैठकीत यावर बोलले पाहिजे.

कापसाचाच हिशेब घ्या. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. तेल काढले की उरते ती पेंड, ती ढोरांची. ती माणसाच्या कामाची नाही, असे आपण धरून चालतो.

मध्य अमेरिकेने तसे धरले नाही. तिथल्या देशांनी १९४९ साली ग्वाटेमालात 'इन्कॅप' ही पोषणसंस्था काढली. गरिबांची लेकरे प्रथिनांवाचून खंगत होती आणि दूध परवडत नव्हते. संस्थेने 'इन्कापरिना' नावाचे पीठ तयार केले. त्याच्या एका मूळ मिश्रणात शंभर भागांत २९ भाग मका, २९ भाग ज्वारी आणि ३८ भाग सरकीचे पीठ होते. कापूस आणि ज्वारी, म्हणजे आपलीच पिके! पुढे सरकीची जागा सोयाबीनने घेतली.

म्हणून कोणी घरची पेंड चुलीवर चढवू नये. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. रवंथ करणारे जनावर ते बऱ्यापैकी सोसते, माणूस सोसत नाही. ग्वाटेमालात त्यासाठी खास प्रक्रिया आणि तपासणी होती. टेक्सासमध्ये कीर्ती राठोर यांनी बियातले गॉसिपॉल अगदी कमी केलेला कापूस २००६ साली जाहीर केला. अमेरिकेत त्याच्या लागवडीचा मार्ग २०१८ मध्ये आणि खाण्याचा २०१९ मध्ये मोकळा झाला. आपल्याकडे ते बियाणे नाही.

मग हाती काय आहे? ज्वारी आणि तूर.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनही नाहीत. हे तंतू पोट साफ ठेवतात आणि साखर सावकाश चढू देतात. त्यांचा मोठा वाटा कोंड्यात असतो. गिरणीवाला कोंडा वेगळा काढतो, तोच पुढे बिस्किटात घालून पुड्यावर 'फायबर' असे छापले जाते आणि जास्त दाम घेतला जातो.

तुरीचेही तसेच. गिरणीत शंभर किलो तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ होते. उरलेल्या चुनीत टरफलाबरोबर डाळीची कणी आणि भुकटीही जाते. ही कणी स्वच्छ निवडली तर माणसाचे अन्न आहे.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. ज्वारीचे पीठ न चाळता, कोंड्यासकट विका आणि तसे पुड्यावर लिहा. चार-पाच गावांच्या गटाने मिनी डाळ मिल घेऊन कणी आणि टरफल वेगळे ठेवावे. फवारणीचे डबे, रिकामी खतपोती यांच्याजवळ खाण्याचा माल क्षणभरही ठेवू नये, कारण एकदा मळलेला कोंडा गोठ्यातच जातो आणि त्याला गोठ्याचाच भाव मिळतो.

पीक आपण पिकवले. त्यातला अर्धा माल 'उरलेला' म्हणून फुकाच्या भावात देण्याचे कारण नाही. येत्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या चुनी-कोंड्याचा हिशेब मांडून आणावा.