दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय कशाच्या आधारावर?

फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाचा विषय मांडला आणि घरातील खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्यामागची चिंता निराधार नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी वा लठ्ठ आहेत. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. प्रतिबंधावर भर देणे त्यामुळे योग्यच. पण ज्यांच्यासाठी ती वेळ केव्हाच निघून गेली, जे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले आणि ज्यांना ती पहिली शस्त्रक्रियाही पुरी पडली नाही, अशा रुग्णांचा विचार आपल्या धोरणात कुठेच नाही. शस्त्रक्रियांची संख्या वाढेल तसा हा वर्गही वाढणार आहे.

पहिली शस्त्रक्रिया ‘फसली’ असे आपण सहज म्हणतो; पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. काहींचे वजन अपेक्षेइतके उतरतच नाही. काहींचे उतरते आणि पुन्हा चढते. काहींचे वजन आटोक्यात असते, पण शस्त्रक्रियेनेच नवे दुखणे दिलेले असते. यातील दुसऱ्या प्रकाराबाबत गैरसमज फार आहेत. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते आणि मग त्यातील काही भाग परत येतो. म्हणजे थोडीफार वाढ हा आजाराचा स्वभावच आहे. तिला रुग्णाचा बेशिस्तपणा म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच तिच्या नावाखाली लगेच दुसरी शस्त्रक्रिया सुचवणे चुकीचे.

तिसरा प्रकार अधिक गंभीर आहे. जगात आणि भारतातही सध्या सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया म्हणजे ‘स्लीव्ह’. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना झाली. दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांना, तर बायपास झालेल्यांपैकी सात टक्क्यांना आढळला. या त्रासाचे मूळ जठराच्या बदललेल्या रचनेत असते. तेथे आहार आवरण्याचा उपदेश फारसा कामाचा नाही.

म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची निवड पहिली का अपुरी पडली, यावर ठरते. जठराभोवतीचा बँड घसरला असेल तर तो काढून स्लीव्ह वा बायपास करता येतो. स्लीव्हनंतर आम्ल सतत वर येत असेल तर ‘रू-एन-वाय’ बायपासकडे वळणे हा रूढ मार्ग आहे. वजन वाढले पण जळजळ नाही, तर एकाच जोडाचा बायपासही विचारात घेतात. मात्र आतड्याचा जितका जास्त भाग वळसा घालून टाळला जातो, तितकी प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्व यांची कमतरता वाढण्याचा धोका असतो. ज्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि अनेकांचा आहार शाकाहारी आहे, तेथे ही बाब दुय्यम मानता येत नाही. शिवाय पूर्वी शस्त्र लागलेल्या, चिकटलेल्या भागावर पुन्हा काम करणे पहिल्यापेक्षा जोखमीचे असते.

आता औषधांचाही पर्याय आहे. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. काही रुग्णांची दुसरी शस्त्रक्रिया त्यामुळे टळू शकेल. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे चाचण्यांत दिसले आहे. शिवाय रचनेतील बिघाड इंजेक्शनने दुरुस्त होत नाही.

इतका गुंतागुंतीचा निर्णय घेताना हाताशी काय असते? पहिल्या शस्त्रक्रियेत नेमके काय केले, जठराचा किती भाग ठेवला, पुढे वजन कसे बदलत गेले, हे समजल्याशिवाय दुसरा शल्यचिकित्सक अंधारात चाचपडतो. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. पण या शस्त्रक्रियांचे दोष बऱ्याचदा पाच-दहा वर्षांनी उघड होतात. म्हणजे नोंदींची खरी गरज निर्माण होते तेव्हा त्या जपण्याची सक्ती संपलेली असते.

विम्याची स्थितीही अशीच आहे. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०१९ मध्ये लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या अटी ठरवल्या. बीएमआय किमान ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध वा अनियंत्रित मधुमेह यांसारखा आजार हवा; सौम्य उपाय करूनही वजन उतरलेले नसावे. ही भाषा पहिल्यांदा शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या शस्त्रक्रियेने बीएमआय ३२ वर आणला, पण अन्ननलिका दुखावली, तर त्या रुग्णाचे काय? सोबतच्या आजारांच्या यादीत अन्ननलिकेचा दाह नाही आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा उल्लेखही नाही. तो उपचार लठ्ठपणाचा मानायचा की गुंतागुंतीचा, हे दावा तपासणाऱ्याच्या वाचनावर सुटते.

एकाच आजारासाठी दोनदा खर्च का, असा आक्षेप येईल. बदललेला गुडघा वर्षांनी झिजला किंवा हृदयाची रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली, तर हा प्रश्न आपण विचारत नाही. लठ्ठपणाच्या बाबतीतच तो विचारला जातो, कारण आजही त्याकडे इच्छाशक्तीचा दोष म्हणून पाहिले जाते. दुसरी बाजूही खरी आहे: जेथे शस्त्रक्रिया हेच उत्पन्न आहे, तेथे दुसरीची गरज ठरवण्याचे काम केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्यावर सोपवणे धोक्याचे आहे. वजन वाढलेला, खचलेला रुग्ण सहज होकार देतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. जठर वा आतड्याची रचना कायमची बदलणाऱ्या शस्त्रक्रियेचा तपशील रुग्णाला घरी जातानाच लेखी मिळावा आणि त्याच्या संमतीने ‘आभा’ क्रमांकाशी जोडला जावा. दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी एंडोस्कोपी, आहारतज्ज्ञ व अंतःस्रावतज्ज्ञ यांचे मत आणि औषधांचा पर्याय तपासल्याची नोंद सक्तीची असावी. ‘इर्डाई’ने गुंतागुंतीसाठीच्या फेरशस्त्रक्रियेला वेगळा निकष द्यावा. स्वीडनने २००७ पासून या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. ब्रिटनमध्येही ती आहे. आपल्याकडे आरोग्य हा राज्यांचा विषय. २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा तो स्वीकारणाऱ्या राज्यांतच लागू होतो आणि महाराष्ट्र आपल्या १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावरच चालतो. त्यामुळे अशी नोंदवही केंद्र व राज्ये मिळूनच उभी करू शकतील. ती नसेल, तर कोणती शस्त्रक्रिया कोणाला किती वर्षे पुरली, याचे उत्तर जाहिरातींतच शोधावे लागेल. आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणाऱ्या रुग्णाला अंदाजावर सोडणे ही धोरणाची हार ठरेल.