सही आपली, धंदा कुणाचा?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या लघुउद्योगांसाठी काही सरकारी कंत्राटे राखीव असतात. पण माजी सैनिकाचे नाव पुढे करून कंत्राट भलत्यानेच लाटल्याचे प्रकार तिथेही घडले. १ जानेवारी २०२३ पासून ही पडताळणी लघुउद्योग प्रशासनाकडे आली. तिथे ५१ टक्के मालकी दाखवून भागत नाही. रोजचा कारभार आणि मोठे निर्णयही माजी सैनिकाच्याच हातात असावे लागतात.

हा प्रश्न आपलाही आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर ५१ टक्के हिस्सा या समाजघटकांचा लागतो. पण जातीचा दाखला जात सांगतो, धंदा कोण चालवतो हे सांगत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, पडताळणी कारभाराची व्हावी. मात्र ती ठरलेल्या मुदतीत व्हावी, नाहीतर खरा उद्योजकच कागदपत्रांत अडकेल. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात सरकारी कंपन्यांना विचारावे: या ४ टक्क्यांत तुम्ही किती रुपयांची आणि कोणत्या उद्योगांकडून खरेदी केली? आणि तरुणांनो, नुसत्या सहीपुरते भागीदार होऊ नका. त्या सहीने आपल्याच माणसाचे काम जाते.