सहावी ते आठवीला विषयाचे शिक्षक हवेत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेने काही वर्षांपूर्वी चौथी ते आठवीच्या मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची, असे विचारले. यंत्रमानवांचे आकर्षण असलेल्या मुलांनी मोठ्या संख्येने जपानी निवडली. शहरातल्या एका जाणकाराने ऑनलाइन, मोफत शिकवणी घेतली आणि 2020 पर्यंत मुले आपसात जपानी बोलू लागली. जाणणारा शिक्षक भेटला की खेड्यातली मुले अवघड विषयही आत्मसात करतात, हे त्यांनी दाखवून दिले. गणित आणि विज्ञानाच्या वाट्याला मात्र असा शिक्षक येईलच, याची खात्री आज कुणी देत नाही. पहिली-दुसरीचे सगळे विषय एकच शिक्षक शिकवू शकतो. सातवीत बीजगणित, स्थितिक विद्युत आणि इंग्रजी व्याकरण एकाच्याच गळ्यात घातले, तर निदान एक विषय तरी कच्चा राहणारच. म्हणूनच 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक सांगितले.

‘असर’ची देशाच्या ग्रामीण भागातली पाहणीही वरच्या वर्गांतली ही उणीव सुचवते. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. पायाभूत वर्गांसाठी केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने उद्दिष्ट ठरवले, मोजमाप ठेवले, त्याचा यात वाटा असावा. आठवीत साधा भागाकार येणारी मुले मात्र, सरकारी-खासगी सगळ्या शाळा धरून, 44.7 वरून जेमतेम 45.8 टक्क्यांवर पोहोचली. वरच्या वर्गांकडे त्याच नेटाने कुणी पाहिलेले नाही. उलट शाळांतली शिक्षकपदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या 15 मार्च 2024 च्या राज्य सरकारच्या निर्णयाने सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी पट असेल तर नियमित शिक्षकाचे पदच काढून घेतले.

वीस मुलांसाठी तीन पदवीधर शिक्षक परवडत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर शून्य शिक्षक हे नव्हे. शाळासमूहाच्या केंद्रपातळीवर गणित-विज्ञानाचा एक शिक्षक नेमून त्याचे दिवस दोन-तीन शाळांत वाटून देता येतील. मुलांनाच मोठ्या शाळेत हलवा, असेही म्हटले जाते. पण जिल्ह्यातल्या सोयगाव-कन्नड तालुक्यांच्या डोंगराळ वाड्या-तांड्यांवर एसटीची वेळ चुकली, तर आधी मुलीची शाळा सुटते आणि मग घरात लग्नाचा विषय निघतो. परीक्षा कडक करा, हा आग्रहही आहे. आठवीला नापास करण्याची तरतूद राज्याने 2023 मध्ये आणली, पण ज्याला गणिताचा शिक्षकच मिळाला नाही, त्या मुलाला कशाबद्दल मागे ठेवायचे? परीक्षा घ्यायची तर आधी शिकवण्याची हमी द्यावी लागेल. जिल्हा परिषदेने जूनपूर्वी किमान एवढे करावे: कोणत्या उच्च प्राथमिक शाळेत गणित-विज्ञानाचा शिक्षक नाही, याची तालुकावार यादी जाहीर करावी आणि नेमणुका त्या यादीच्याच क्रमाने कराव्यात.