नकार ऑस्टिनचा, बिल डॅलसचं

१९६३ मध्ये गोळी लागलेल्या केनेडींना डॅलसच्या ज्या पार्कलँड हॉस्पिटलात नेलं, ते आजही सुरू आहे. चकाचक नवी बिल्डिंग, २०१५ मध्ये उघडलेली. आता सांगा, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा कोण उचलतं? डॅलस काउंटीतले घरमालक!

ऑनसाइटला गेलेला आणि तिथेच सेटल झालेला माझा एक मित्र आहे. घर घेतल्यावर पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं, त्यात हॉस्पिटलची वेगळी ओळ. फोनवर जाम वैतागला होता. ‘अरे, माझा इन्शुरन्स कंपनी देते. मग हे कशाला?’

प्रश्न एकदम करेक्ट. उत्तर मात्र थोडं लांबून येतं.

२०१० च्या ओबामा यांच्या आरोग्य कायद्यात मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्या प्रौढांना द्यायचं ठरलं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, राज्यांवर सक्ती नको. टेक्सासचे तेव्हाचे गव्हर्नर रिक पेरी लगेच ‘नाही’ म्हणाले. वाढीव खर्च २०१४ ते २०१६ पूर्ण केंद्राचा, नंतर थोडा थोडा कमी होत २०२० पासून ९० टक्के. तरीही नाही! आज ४० राज्यं यात आहेत, टेक्सास बाहेरच.

यातून एक भलताच घोळ झाला. दारिद्र्यरेषेच्या वर कमावणाऱ्याला विमा विकत घ्यायला सबसिडी मिळते. खालच्याला मिळत नाही, कारण कायद्याने गृहीत धरलं होतं की त्याला मेडिकेड मिळेलच. म्हणजे बघा, जास्त गरीब म्हणून मदत शून्य.

पण आजार थांबतो थोडाच? १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला तपासावं लागतं, जीव धोक्यात असेल तर स्थिर करावंच लागतं. त्याच्याकडे पैसे नसले की हिशेब फिरून काउंटीच्या गळ्यात.

मग काउंट्यांनी काय केलं? अनेकांनी राज्याला विनवणारे ठराव केले. ते फाइलमध्ये गेले. बाकी खिशात हात घातला. गंमत म्हणजे, नकार देणारं विधानभवन ज्या ऑस्टिनमध्ये आहे, तिथल्याच ट्रॅव्हिस काउंटीच्या मतदारांनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये मेडिकल स्कूल आणि गरिबांच्या उपचारांसाठी स्वतःचा टॅक्स वाढवून घेतला. दर १०० डॉलरच्या मालमत्तेमागे ५ सेंट. सॅन अँटोनिओत ‘केअरलिंक’ आहे, उत्पन्न बघून उपचारांचे हप्ते लावणारी योजना. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीने २०२३ मध्ये सरकारी हॉस्पिटलांसाठी अडीच अब्ज डॉलरचे रोखे मतदानाने मंजूर केले. ऑस्टिनचे खासदार लॉइड डॉगेट यांनी २०२१ मध्ये विधेयकच आणलं, की राज्य नको म्हणत असेल तर काउंटीने थेट केंद्राशी करार करावा. कायदा झाला नाही.

मला विचाराल तर माझ्या मित्राने वैतागावं, पण योग्य ठिकाणी. तो फेडरल टॅक्स भरतो, त्यातून दुसऱ्या राज्यांतल्या गरिबांचा विमा निघतो. आणि शेजारच्या गरिबासाठी प्रॉपर्टी टॅक्स वेगळा. भाड्याने राहणाराही सुटत नाही, घरभाड्यात येतंच ते. राज्याने खर्च वाचवला नाही, फक्त पावतीवरचं नाव बदललं.

आणि एवढं करूनही काउंटीचं कार्ड म्हणजे विमा नव्हे. ते काउंटीच्या हद्दीत चालतं. टेक्सासमध्ये काउंट्या आहेत २५४. ज्यांच्याकडे सरकारी हॉस्पिटलची व्यवस्था नाही, त्यांच्यावर कायद्याचं बंधन फक्त दारिद्र्यरेषेच्या २१ टक्क्यांपर्यंत कमावणाऱ्यांपुरतं. उद्या डॅलसमधल्या एखाद्या वेटरला चांगली नोकरी मिळाली आणि तो तीस मैल पलीकडे राहायला गेला, तर डायबेटिस त्याच्यासोबत जाईल. कार्ड मागे राहील.