बॉटमधले सगळे आयडी काढू नका!

टेलिग्राम बॉटचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय: बॉटमध्ये जमा झालेल्या सगळ्या ग्राहकांचे आयडी एकदम कसे काढायचे?

काढणं सोपं आहे. ग्राहकाने 'स्टार्ट' दाबलं की बॉटला त्याचा आयडी मिळतो. हा मोबाईल नंबर नाही, टेलिग्रामने दिलेला वेगळा आकडा आहे. बरेच बॉट बनवणारे अशा नोंदी मोंगोडीबीच्या एका कलेक्शनमध्ये ठेवतात. त्यातून फक्त आयडीचा रकाना मागवायचा, डबल आलेले काढून टाकायचे, झाली यादी तयार. युजरनेमवर विसंबू नका. ते माणूस कधीही बदलू शकतो, आयडी तोच राहतो.

पण माझं स्पष्ट मत ऐका. सगळे आयडी काढूच नका. ज्यांनी "ऑफर पाठवा" असं सांगितलंय, तेवढेच काढा.

का? समजा, एका ताईंनी केकची ऑर्डर द्यायला स्टार्ट दाबलं. तुम्ही त्यांना रोज ऑफर पाठवायला लागलात. चौथ्या दिवशी त्या वैतागून बॉट ब्लॉक करतात. आता "तुमचा केक तयार आहे" हा कामाचा मेसेजसुद्धा जात नाही, बॉटला 403 एरर येतो. त्यांनी स्वतः ब्लॉक काढेपर्यंत बॉट काहीच करू शकत नाही. म्हणजे ऑफरच्या नादात हातातलं गिऱ्हाईक गेलं.

"यादी मोठी तर धंदा मोठा" म्हणून काही जण आयडीची यादी विकत घ्यायला निघतात. पैसे पाण्यात! ज्याने तुमच्या बॉटशी कधी बोलणं सुरू केलं नाही, त्याला तुमचा बॉट आपणहून मेसेज पाठवूच शकत नाही.

आणि कायदाही आहे बरं का. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही ठरावीक कामापुरती धरली आहे, आणि ती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं असायला हवं. ऑर्डरसाठी दिलेली माहिती म्हणजे जाहिरातीची परवानगी नव्हे.

मग करायचं काय? बॉट बनवणाऱ्याला तीन गोष्टी सांगा:

1. प्रत्येक नोंदीत "ऑफर हवी: हो/नाही" आणि होकाराची तारीख ठेवा. आयडी काढताना फक्त "हो"वाले घ्या.
2. प्रत्येक ऑफरखाली "बंद करा" बटण द्या. 403 आला की तो आयडी ऑफरच्या यादीतून बाद.
3. मेसेज सावकाश सोडा. फुकटात सेकंदाला साधारण 30 ची मर्यादा आहे.

आणखी एक. बॉट तुमच्याच टेलिग्राम खात्यावरून बनवून घ्या. बनवणाऱ्याच्या खात्यावर असेल, तर उद्या तो फोन उचलेनासा झाला की बॉटची चावी त्याच्याकडेच राहणार.

दुकानात आलेल्या प्रत्येकाच्या मागे आपण घरापर्यंत जातो का? नाही ना? मग बॉटमध्येही तोच हिशोब ठेवा. दोन हजार कंटाळलेल्या लोकांपेक्षा दोनशे होकार देणारे बरे.