आज गाडी जाते का?

पहिला दमदार पाऊस पडला की पुण्या-मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक कॉलेज ग्रुपवर एक मेसेज येतो, ‘रविवारी लोणावळा?’ पुढचं तुम्हाला माहीत आहेच. कुणाची बाइक, कुणाच्या बाबांची कार, कुणीतरी रीलमध्ये पाहिलेला धबधबा आणि त्या धबधब्याची फॉरवर्ड झालेली पिन. रस्ता कुणालाच माहीत नसतो आणि त्याची काळजीही कुणाला नसते. फोन आहे ना! तो डावीकडे म्हणाला की डावीकडे.

फोनमधला हा वाटाड्या वाईट नाही, हे आधीच मान्य करू. त्याच्यामुळे अनोळखी गावातही आपण बिनधास्त जातो. मुली एकट्या प्रवास करू शकतात, रात्री घर सापडतं, ट्रॅफिकचा अंदाज येतो. प्रश्न एवढाच आहे की त्याला काय माहीत असतं आणि काय नसतं, हे आपण कधी विचारात घेतो का?

जरा यामागची यंत्रणा समजून घेऊ. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोनला तुम्ही कुठे आहात ते कळतं. उपग्रहाचं काम तिथेच संपतं. कुठल्या रस्त्याने जायचं, हे उपग्रह सांगत नाही. ते ठरतं मॅपमध्ये साठवलेल्या माहितीवरून. ही माहिती येते उपग्रहांनी काढलेल्या फोटोंतून, सरकारी नोंदींतून, लोकांनी केलेल्या दुरुस्त्यांतून. ट्रॅफिकचा अंदाज येतो रस्त्यावरच्या इतरांच्या फोनच्या वेगावरून. म्हणजे ज्या रस्त्याने आज सकाळपासून कुणी गेलंच नाही, तो रस्ता रिकामा आहे की वाहून गेलाय, हे फोनला आपोआप कळत नाही. स्क्रीनवर दोन्हीची रेघ सारखीच दिसते.

आता हे ज्ञान घेऊन मावळात शिरा. पहिली गंमत नावांची. ‘राजमाची’ टाइप केलंत तर खंडाळ्याजवळचा, हायवेलगतचा राजमाची पॉइंट समोर येऊ शकतो आणि राजमाचीचा किल्लाही येऊ शकतो. पॉइंटवर कार थेट जाते. किल्ल्याला लोणावळ्याहून जायचं तर जंगलातून पंधराएक किलोमीटरची खडबडीत वाट आहे. ‘वडगाव’ म्हणाल तर मावळचं, शेरी की बुद्रुक? कुसगाव बुद्रुक वेगळं, पवन मावळातलं कुसगाव वेगळं. इथल्या माणसांनी हा घोळ कधीच सोडवलाय, ते गावाच्या नावापुढे आंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळ असं खोऱ्याचं नाव लावतात. पिन पाठवणारा ते लावत नाही.

दुसरी गंमत रस्त्यांची. एक्सप्रेसवे आणि जुना हायवे मावळात कित्येक ठिकाणी अगदी शेजारून धावतात. डोंगराच्या कुशीत आकाश कमी दिसतं, सिग्नल उड्या मारतो आणि फोन तुम्हाला एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवतो. एक्सप्रेसवेवर एक्झिट चुकला की पुढचा येईपर्यंत मागे वळता येत नाही. त्यात आपल्यातले बहुतेक जण बाइकवाले. दुचाकीला एक्सप्रेसवेवर बंदी आहे, पण मॅप कारच्या मोडवर राहिला असेल तर तो खुशाल तिकडे वळायला सांगणार. भारतासाठी गुगलने २०१७च्या डिसेंबरमध्ये दुचाकीचा वेगळा मोड आणला. उलट कार घेऊन निघालात आणि मोड दुचाकीचा राहिला, तर वाडीच्या बोळात दोन घरांच्या मध्ये अडकायची तयारी ठेवा. आणि आंदर मावळाच्या आतल्या भागात नेटवर्क गेलं तर हा वाटाड्या गप्पही बसू शकतो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही.

जानेवारी २०२१मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक कार रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात कोतूळजवळ थेट पाण्यात गेली. मॅपवर तिथे पूल होता. प्रत्यक्षात तो पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणाऱ्याचा मृत्यू झाला. पूल बुडालाय, हे कोतूळच्या शाळकरी पोरालाही माहीत असणार. नोव्हेंबर २०२४मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून कार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा एका बाजूचा भाग पुरात आधीच वाहून गेलेला होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. मार्च २०१२मध्ये टोकियोहून ऑस्ट्रेलियात फिरायला गेलेल्या तीन विद्यार्थ्यांनी भाड्याच्या कारमधल्या नेव्हिगेशन यंत्रावर नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटाचा रस्ता लावला. यंत्राला बेट माहीत होतं, मधला समुद्र माहीत नव्हता. ओहोटीच्या वेळी त्यांनी गाडी चिखलात घातली, ती रुतली, भरती आली. तिघं कसेबसे चालत किनाऱ्याला परत आले, गाडी पाण्यात सोडून. ही मुलं तुमच्याआमच्या वयाची. मूर्ख होती असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण परक्या मुलुखात गेलेला माणूस नेमका असाच वागतो. भाषा येत नाही, विचारायचा संकोच वाटतो आणि हातातलं यंत्र इतक्या ठामपणे बोलत असतं की समोर पाणी दिसत असूनही पुढे काहीतरी रस्ता असेलच असं वाटतं.

आपण मावळात जातो ते पाहुणे म्हणूनच. पुण्यापासून तासा-दीड तासावर असलं तरी पावसाळ्यातला मावळ आपल्याला परका आहे. लोणावळ्यात पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. पुण्यात नुसतं ढगाळ असतं तेव्हा इथल्या ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली गेलेला असू शकतो. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा पाणी किती झटकन वाढतं ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. १५ जून २०२५च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक आहे, असा फलक तिथे होता. तिथे गेलेल्यांना मॅपने नेलं असं मला म्हणायचं नाही. मुद्दा फलकाचा आहे. धोक्याची सूचना नदीकाठी उभी होती आणि ‘जायलाच हवं’ म्हणणारे फोटो सगळ्यांच्या खिशात होते. त्या दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

मावळात वाटेची माहिती ही कायम माणसांकडे राहिली आहे. फेब्रुवारी १६६१मध्ये मुघल सरदार कारतलब खान मोठी फौज घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यावरून कोकणात उतरायला निघाला. नेहमीची बोरघाटाची वाट सोडून त्याने ही अडचणीची वाट धरली आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याला कोंडला. संख्या खानाकडे जास्त होती. डोंगर ओळखणारी माणसं महाराजांकडे होती. बोरघाटात जुन्या हायवेवर शिंग्रोबाचं मंदिर आहे. इंग्रजांना घाटातून मार्ग सापडेना तेव्हा गुरांमागे फिरणाऱ्या शिंग्रोबा धनगराने तो दाखवला आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याला जीव गमवावा लागला, असं लोक सांगतात. आजही ट्रकवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. घाटात वाटाड्याला देव मानलं गेलंय, ते उगाच नाही.

आता गावाच्या बाजूनेही बघू. मळवलीहून भाजे आणि भाज्याहून लोहगडवाडी हा चढ अरुंद आहे. पावसाळी रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मग कुणाचा तरी मॅप ‘सात मिनिटं वाचतील’ म्हणत शेताच्या बांधाजवळचा रस्ता दाखवतो आणि त्याच्यामागे दहा गाड्या वळतात. ते सात मिनिटं वाचवणारं पाखाडीसारखं वळण म्हणजे कुणाच्या तरी दारातून शाळेत, दवाखान्यात, भातलावणीला जायची वाट असते. आपली सुट्टी असते, त्यांची लावणी असते. अशा वेळी गावातल्या कुणाला कळा सुरू झाल्या तर ॲम्ब्युलन्स कुठून येणार? मॅपमध्ये या प्रश्नाला रकाना नाही. आपल्या डोक्यात तरी असावा.

मग दोष कुणाचा? बरेलीच्या घटनेत पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांसोबत मॅप कंपनीच्या अधिकाऱ्याविरुद्धही गुन्हा नोंदवला होता. कंपन्यांना जबाबदारी झटकता येणार नाही, हे खरंच. पण आपल्याकडे रस्ता बंद झाला, पूल धोकादायक ठरला, पर्यटनस्थळावर बंदी आली की आदेश निघतो, बातमी येते, फलक लागतो. हा आदेश काढणाऱ्या कार्यालयाने त्याच दिवशी मॅपवरही तो रस्ता बंद करून घ्यायला हवा. पावसाळ्याआधी नालेसफाईची यादी होते, तशी मावळातल्या बुडणाऱ्या फरशी पुलांची आणि धोकादायक साकवांची यादी व्हावी आणि ती मॅपवर दिसावी. यात खर्चाची अडचण नाही, सवयीची आहे.

थोडं काम आपलंही आहे. मॅपवर ‘रस्ता बंद’ अशी नोंद कुणालाही करता येते. ओपन स्ट्रीट मॅप हा तर २००४पासून लोकांनीच बनवलेला नकाशा आहे. आपल्या कॉलेजांच्या एनएसएसची सात दिवसांची शिबिरं खेड्यांत होतात. तिथे एक दिवस गावकऱ्यांना सोबत घेऊन नकाशासाठी द्या. कुठला पूल कोणत्या महिन्यात बुडतो, कुठली वाट फक्त बैलगाडीची आहे, वाडीचं खरं नाव काय, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं. ते फोनमध्ये भरायला तुमच्यासारखी पोरं लागतात.

आणि निघण्याआधी पाच मिनिटं. रस्ता आधी अख्खा बघून घ्या, नुसतं पुढचं वळण नको. गाडीचा मोड तपासा. त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही असाच करता येतो, हे २०२०पासून नियमातच आहे. तेव्हा फोन मागे बसलेल्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याच्या नाही. रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर थांबा, निळी रेघ काहीही म्हणो. उद्या शिकायला जर्मनी-कॅनडात गेलात आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची वेळ आली, तेव्हाही हीच सवय उपयोगी पडेल.

शेवटची सवय विचारण्याची. यावर तुम्ही म्हणाल, गावात विचारलं की ‘हे काय, इथंच आहे, पाच मिनिटं’ असं उत्तर मिळतं आणि पाऊण तास जातो. खरं आहे, कारण आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. अंतर फोन सांगेल, ते गावाला कशाला विचारायचं? मुलींना वाटेत कुणालाही थांबवून विचारणं सुरक्षित वाटत नाही, तेही अगदी बरोबर. मग पेट्रोल पंपावर विचारा, एसटी स्टँडवर विचारा, चहाच्या टपरीवर वडापाव घेताना टपरीवाल्या मावशींना विचारा. एकाला नाही, दोघांना विचारा. आणि ‘रस्ता कुठे जातो?’ असं विचारू नका. ‘काका, आज गाडी जाते का?’ असं विचारा.

या वाक्यातला ‘आज’ महत्त्वाचा आहे. फोनकडे रस्ता असतो, आज नसतो. तो गावाकडे असतो आणि फुकट मिळतो. काका ‘नाही’ म्हणाले, तर गाडी वळवा. धबधबा पुढच्या रविवारीही तिथेच असेल.