जंगलातील वाट कोणाची?

जळगाव शहराच्या कडेला, मोहाडी रस्त्यावर, वनखात्याने लांडोरखोरीचे वनोद्यान उभे केले आणि झाडाझुडपांतून पायी फिरण्यासाठी वाटा तयार केल्या. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेथे सकाळच्या प्रहरी सावलीतून चार पावले चालता येणे ही चैन नसून गरज आहे. या कामाचे श्रेय खात्याला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. उद्याने आणि फिरण्याच्या वाटा हे सुखवस्तू लोकांचे विषय आहेत, भाकरीचा प्रश्न सुटेपर्यंत त्यांना हात घालू नये, अशी समजूत पुरोगामी कार्यकर्त्यांतही आढळते. ती चुकीची आहे. जगभरचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी लढले, ते उरलेल्या वेळेवर माणसाचा स्वतःचा हक्क असावा म्हणून. तो वेळ घालवायला मोकळी जागाच नसेल तर त्या हक्काला अर्थ काय? बंगल्याला स्वतःची बाग असते. चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसाला सार्वजनिक जागेखेरीज दुसरी बाग नसते.

म्हणूनच या वाटा कोणासाठी आहेत, हा प्रश्न विचारणे भाग आहे. जंगलात पायवाट पाडण्याचा शोध काही वनखात्याने लावलेला नाही. मोळी आणणाऱ्या बाया, गुरे वळणारी पोरे, मोहफुले आणि डिंक वेचणारे भिल्ल यांच्या पावलांनी खानदेशातील रानवाटा पडल्या. त्या वाटांवर इंग्रजांनी कायद्याचे कुंपण घातले. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही अमलात आहे. त्याचे २६ वे कलम राखीव जंगलात विनापरवाना शिरणे आणि गुरे चारणे यांना गुन्हा ठरवते. २५ वे कलम वनाधिकाऱ्याला, सरकारची पूर्वसंमती घेऊन, राखीव जंगलातील सार्वजनिक वाटसुद्धा बंद करण्याचा अधिकार देते. मात्र त्याच कलमात एक अट आहे : बंद केलेल्या वाटेच्या बदल्यात सोयीची दुसरी वाट उपलब्ध असली पाहिजे. परकीय सरकारलाही माणसाच्या चालण्याच्या हक्काची एवढी दखल घ्यावी लागली! आज फिरायला येणाऱ्यांसाठी वाटा बांधणाऱ्या स्वदेशी सरकारने जुन्या वाटसरूंच्या बाबतीत याहून कमी न्यायबुद्धी दाखवावी, हे शोभणारे नाही.

लांडोरखोरीशी नावाने नाते सांगणारी एक वास्तू धुळ्याजवळ, लळिंगच्या जंगलात आहे. तिचे नाव लांडोर बंगला. न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी तेथे मुक्कामास होते. दरवर्षी त्या तारखेला हजारो माणसे त्या रानात जमतात. त्यांत शेतमजूर असतात, सफाई कामगार असतात, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया असतात. त्या दिवशी ते जंगल खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे, हे तत्त्व बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी पिऊन सिद्ध केले. वन कायदा झाला तोही त्याच वर्षी. एका बाजूस ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ विस्तारत होता आणि दुसऱ्या बाजूस तोच अर्थ जंगलापुरता आक्रसत होता. त्या दोहोंपैकी कोणता वारसा चालवायचा, हे आता ठरवायचे आहे.

आजचे कुंपण जातीचे नाही, पण तिकिटाचे आणि वेळेचे होऊ शकते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेशासाठी तिकीट लागते, नित्य फिरणाऱ्यांसाठी पास असतो. तोच कित्ता जिल्ह्याजिल्ह्यांतून गिरवला जातो. पास काढणाऱ्याला ती रक्कम किरकोळ वाटते. चार माणसांचे कुटुंब घेऊन रविवारी येणाऱ्या दालमिलमधील हमालाला तीच रक्कम दारातून परत फिरवते. वेळेचेही तसेच. सकाळी फिरणाऱ्यांच्या सोयीने दार उघडायचे आणि पाळी संपवून कामगार बाहेर पडेपर्यंत ते बंद करायचे, तर ती वाट कागदावर सर्वांची आणि प्रत्यक्षात काहींचीच राहील.

यावर आक्षेप येईल की, सर्वांना मोकळीक दिली तर जंगल उरणार नाही. आग लागेल, प्लास्टिक साचेल, रोपे गुरांच्या तोंडी जातील. हा आक्षेप खोटा नाही. कोरड्या पानगळीच्या या रानात उन्हाळ्यात एक विडी पुष्कळ नुकसान करू शकते. परंतु त्यावरचा उपाय शिस्त हा आहे, शुल्क नव्हे. पैसे भरलेला माणूस कचरा टाकत नाही, असा अनुभव कोणत्याही पर्यटनस्थळी येत नाही. धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या आदिवासींनी १९९० च्या दशकापासून स्वतःच नियम करून, स्वतःच राखण करून सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल जगवले. त्या कामाचे नेते चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे जंगल वाचले ते माणसांना बाहेर काढून नव्हे, तर त्यांच्या हाती जबाबदारी सोपवून.

२००६ च्या वनहक्क कायद्यानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क त्यात नमूद आहे. परंतु आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. पावसामागे फिरणाऱ्या ठेलारी मेंढपाळाने पंचाहत्तर वर्षांचा कागद कोठून आणावा? त्याच्या मेंढ्यांची वाट हाच त्याचा दस्तऐवज, आणि ती वाट तर कुंपणाने पुसली जाते.

जळगाव आणि धुळ्याच्या कार्यकर्त्यांनी म्हणून या वाटांना विरोध न करता त्यांवर हक्क सांगावा. वनोद्यानात पायी येणाऱ्यास प्रवेश विनामूल्य असावा. दार सायंकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही उघडे राहावे. वाट आखण्यापूर्वी लगतच्या गावांच्या ग्रामसभा भराव्यात, मोळी, चराई आणि पाणवठ्याच्या जुन्या वाटा नकाशावर नोंदवाव्यात, आणि जी बंद करावी लागेल तिच्या बदल्यात दुसरी द्यावी. रोपांना पाणी घालणाऱ्या, वाटा झाडणाऱ्या मजुरांना किमान वेतन आणि कायम काम मिळावे. यांतील एकही मागणी राज्याच्या तिजोरीला जड नाही. ज्या बाईच्या पायांनी रानातील पहिली वाट पाडली, तिला नव्या वाटेवरून चालताना पहारेकऱ्याची भीती वाटू नये, इतकेच त्यांचे सार आहे.